नववीतल्या मुलांसाठी ताई-दादा उपक्रम: एकदम साठ जोड्या की आधी वीस?

निंबोणी

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या दोन महापालिका शाळांत नववीच्या मुलामुलींसाठी मेंटॉरिंगचा, म्हणजे एका मुलामागे एक मोठी ताई किंवा दादा अशा जोड्यांचा, उपक्रम सुरू करायचा एका छोट्या संस्थेचा विचार आहे. कच्चा आराखडा असा: ६० मुलं, ६० स्वयंसेवक. त्यातले बरेचसे अंबड-सातपूरच्या कारखान्यांतले तरुण इंजिनियर, बाकी कॉलेजच्या शेवटच्या वर्षातले विद्यार्थी. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तिथेच एक तास भेट. कालावधी सहा महिने. स्वयंसेवकांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण. एक अर्धवेळ समन्वयक. शाळांनी तोंडी होकार दिला आहे, लेखी परवानगी व्हायची आहे.

प्रश्न असे. आकडा झेपण्यासारखा आहे का? सहा महिने पुरतात का? पोलिसांची चारित्र्य पडताळणी मागितली तर स्वयंसेवक गळतील असं काहींना वाटतंय, तर ती मागायचीच का? आणि वर्षाचा खर्च किती धरावा? जाणकारांनी आराखडा नीट तपासून द्यावा, कुठे काय चुकतंय ते स्पष्ट सांगावं.

पाटीपेन्सिल

निंबोणी, आधी आकड्याचं बोलू. सगळं त्यावरच अडतं.

जोडी जुळली की काम संपत नाही, खरं काम तिथून पुढे असतं. दर महिन्याला समन्वयकाने मेंटॉरशी, मुलाशी आणि पालकांशी वेगवेगळं बोलायचं असतं. म्हणजे एका जोडीमागे तीन फोन. ६० जोड्यांचे १८० फोन. एकेक पंधरा मिनिटांचा धरला तरी ४५ तास, तेही पहिल्याच प्रयत्नात सगळ्यांनी उचलला तर. पालक कामावर असतात, फोन घरातल्या दुसऱ्याकडे असतो, दोनतीनदा लावावा लागतो, शिवाय प्रत्येक बोलण्याची नोंद. हे ७०-७५ तासांवर जातं. अर्धवेळ माणसाचे महिन्याला जेमतेम ८०-८५ तास. मग शनिवारी शाळेत कोण उभं राहणार, पालकांच्या घरी कोण जाणार, मध्येच बंद पडलेली जोडी कोण सावरणार?

वीस जोड्यांना हेच गणित फोनांचे १५ तास, नोंदींसकट २५. अर्धवेळ माणसाला झेपतं. पूर्णवेळ समन्वयक असेल तर ३५-४० पर्यंत जावं, त्यापुढे दुसरा माणूस घ्यावा. पहिल्या वर्षी वीसच.

सहा महिने कमी आहेत. ऑगस्टमध्ये पहिली भेट धरली तर गणपती, सहामाही परीक्षा, दिवाळीची सुट्टी यांत चारपाच शनिवार सहज जातात. नववीतलं मूल परक्या माणसाशी मोकळं व्हायला तीनचार महिने घेतं. जानेवारीत कुठे बोलायला लागेल, तेव्हा तुम्ही निरोप समारंभ करणार. कमीत कमी बारा महिन्यांचा शब्द घ्या, लेखी.

ओसरी

पाटीपेन्सिल यांना अनुमोदन. मुदतीच्या मुद्द्याला संशोधनाचा आधार आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

अमेरिकेतल्या ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या मेंटॉरिंग संस्थेचं मूळ १९०४ सालचं, न्यूयॉर्कच्या बालन्यायालयात कारकून असलेल्या अर्नेस्ट कूल्टर यांनी सुरू केलेल्या कामात. त्या कामाचा नावाजलेला अभ्यास १९९५ मध्ये आला. १० ते १६ वयाची ९५९ मुलं, अर्ध्यांना लगेच मेंटॉर मिळाला, अर्धी प्रतीक्षा यादीत राहिली, दीड वर्षानंतर तुलना केली. मेंटॉर मिळालेल्या गटात नव्याने अमली पदार्थांकडे वळण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी निघालं. हा आकडा सगळ्यांच्या सादरीकरणात असतो. त्याच माहितीवरचा २००२ चा अभ्यास मात्र फारसा कुणी दाखवत नाही. ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांनी जोड्या किती टिकल्या त्यानुसार मुलं वेगळी काढली. वर्ष किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत सर्वाधिक फायदा दिसला. तीन महिन्यांच्या आत मोडलेल्या जोड्यांतल्या मुलांची स्वतःबद्दलची किंमत उलट घसरली होती.

त्याहून जुना दाखला मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज-सॉमरव्हिल प्रयोगाचा. १९३९ ते १९४५, ५०६ मुलगे, सारख्या परिस्थितीतल्या दोघादोघांच्या जोड्या लावून नाणं उडवून एकाला मदत, दुसऱ्याला नाही. समुपदेशक घरी जात, शिकवणी, डॉक्टर, उन्हाळी शिबिरं सगळं केलं. जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनी त्या माणसांना शोधून काढलं आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडला: मदत मिळालेला गट काही बाबतींत मदत न मिळालेल्या गटापेक्षा वाईट अवस्थेत होता. मदत करणाऱ्यांची कळकळ खरी होती, त्याबद्दल कुणालाच शंका नाही.

म्हणून ‘काहीच नसण्यापेक्षा सहा महिने तरी’ हा विचार इथे लागू होत नाही. ज्या मुलाच्या आयुष्यातून आधीच दोन मोठी माणसं निघून गेली आहेत, त्याच्यासाठी तुमचा निघून गेलेला दादा तिसरा ठरतो.

रानजाई

चारित्र्य पडताळणीबद्दल. मागायचीच, आणि त्यामुळे जो गळेल त्याला गळू द्यायचा.

दिल्ली सरकारचा ‘देश के मेंटॉर’ कार्यक्रम ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. नववी ते बारावीच्या मुलांना मेंटॉरने फोनवरून मार्गदर्शन करायचं, अशी रचना. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने मुलांच्या सुरक्षिततेचा मुद्दा काढला. पोलीस पडताळणीचा प्रश्न होता, मानसशास्त्रीय चाचणीवर भरवसा ठेवणं पुरेसं नाही असं म्हणणं होतं, मुलीला बाईच मेंटॉर दिली म्हणून धोका टळत नाही हेही होतं. जानेवारी २०२२ मध्ये आयोगाने कार्यक्रम थांबवायला सांगितलं. सरकारी यंत्रणा पाठीशी असून ही वेळ आली. छोट्या संस्थेवर एक तक्रार आली तर शाळेचं दार कायमचं बंद होतं, मुलाचं जे नुकसान होईल ते वेगळंच.

पडताळणी हा गाळणीचा एकच थर आहे हे मात्र विसरू नका. ज्याच्यावर कधी गुन्हा नोंदला गेला नाही त्याचा दाखला कोराच येणार. म्हणून थर जास्त हवेत. लेखी अर्ज, त्यात आजवर मुलांबरोबर कुठे कुठे काम केलं आणि ते का सोडलं. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. समोरासमोर पाऊण तासाची मुलाखत, शक्यतो दोघांनी घेतलेली. दोन ओळखीच्या माणसांचे संदर्भ, एक नात्याबाहेरचा, आणि त्या दोघांना स्वतः फोन करणं. बऱ्याच ठिकाणी संदर्भ कागदावर घेतात आणि फोन कुणीच करत नाही. मग चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र, शेवटी आचारसंहितेवर सही.

यात सहाआठ आठवडे जातात. ज्याला शनिवारची हौस आहे तो तिसऱ्या आठवड्यात थांबतो आणि तुम्हाला तेच हवं असतं. वर्षभर टिकेल का याची पहिली परीक्षा इथेच होते. वीस मेंटॉर हवे असतील तर पन्नाससाठ चौकश्यांची तयारी ठेवा.

मुलाखतीत कान कुठे टवकारायचे? ठरावीक वयाच्या किंवा विशिष्ट रूपाच्या मुलाचा आग्रह. ‘शाळेत कशाला, मी बाहेर घेऊन जातो’. संदर्भ द्यायला टाळाटाळ. स्वतःच्या वयाच्या माणसांत मित्र नाहीत, सगळा वेळ मुलांतच. नियम समजावताना चिडणं. यातली एखादी गोष्ट असली म्हणजे माणूस वाईटच असं नाही, पण शंका फिटेपर्यंत जोडी लावायची नाही. नाही म्हणताना कारण देण्याचं बंधन संस्थेवर नाही, हे अर्जातच छापून टाका.

निंबोणी

सगळ्यांचे आभार. वीस मान्य, बारा महिनेही. दोन अडचणी उरतात. कॉलेजची मुलं शेवटच्या वर्षात आहेत, म्हणजे मे-जूनमध्ये पांगणार. आणि कारखान्यातल्यांना पाळ्या असतात, त्यांना दर शनिवार जमणार नाही.

पाटीपेन्सिल

शेवटच्या वर्षाचे घेऊच नका. दुसऱ्या वर्षाचे घ्या, म्हणजे हातात दोन वर्षं असतात. आणि वयात किमान चारपाच वर्षांचं अंतर असू द्या, नाहीतर दादाचा मित्र होतो आणि मग कुणी कुणाला सावरायचं हा प्रश्न येतो.

पाळीवाल्यांशी आधीच मोकळं बोला. रात्रपाळी करून सकाळी आलेला माणूस एक वाजता शाळेत बसला तर डोळे मिटतात, आणि मुलाला वाटतं याला माझा कंटाळा आलाय. त्यांच्यासाठी पंधरवड्यातून एकदा दीड-दोन तास असा वेगळा करार करा. फक्त ते सुरुवातीलाच मुलाला आणि घरच्यांना सांगा. दर आठवड्याला येतो म्हणून एकाआड एक आठवडा यायचं, हे दर पंधरवड्याला येतो म्हणून न चुकता येण्यापेक्षा फार वाईट.

बोरीबाभळ

नाशिक शहरापुरतं वरचं ठीक आहे. ग्रामीण भागात कुणी हा धागा वाचत असेल तर एक भर.

बीड, अहिल्यानगरच्या ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे कुटुंबं फडावर जातात ती मार्च-एप्रिलला परततात. काही मुलं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही सोबत जातात. तिथे जूनला जोडी लावून ऑक्टोबरला ती हवेत सोडणं म्हणजे ओसरी ताईंनी सांगितलेला तोटा ठरवून करणं आहे. कोण जाणार, कोण राहणार हे आधी घरी बसून विचारायचं. जाणाऱ्या मुलाशी हंगामात आठवड्याला एक ठरलेला फोन, वार आणि वेळ पक्की, मुकादमाच्या नव्हे, घरच्याच नंबरवर. रिचार्जचा खर्च संस्थेने धरायचा.

दुसरं, गावात वीस मेंटॉर मिळतच नाहीत. तिथे गटाने करा. एका ताईमागे किंवा दादामागे जास्तीत जास्त चार मुलं. पाचवं आलं की तास होतो, फळा लागतो. गटात गप्प बसणारं मूल गप्पच राहतं, म्हणून दर भेटीत शेवटची दहा मिनिटं आळीपाळीने एकेकाला द्या, सगळ्यांच्या नजरेसमोर पण बाजूला बसून.

रानजाई

बोरीबाभळ यांचं ‘नजरेसमोर पण बाजूला’ हे शहरातही तंतोतंत पाळावं. शाळेत भेटी असतील तर वर्गाचं दार उघडं, समन्वयक किंवा एक शिक्षक आवारात. मेंटॉरच्या घरी नाही, गाडीवर मागे बसवून नाही, वर्षाच्या आत शहराबाहेर तर नाहीच.

फोनचे नियम पहिल्या दिवशीच. मेंटॉर आणि मूल यांचं बोलणं पालकांच्या माहितीतल्या नंबरवर, संध्याकाळी सात ते नऊ. व्हॉट्सॲपवर तिघांचा गट, तिसरा समन्वयक. इन्स्टाग्रामवर एकमेकांना फॉलो करायचं नाही. आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद. मुलाचा फोटो मेंटॉरने कुठेही टाकायचा नाही, कौतुकाचा असला तरी. आणि मुलं बालगृहातली असतील तर महिला व बालविकास विभाग आणि बाल कल्याण समितीच्या परवानगीशिवाय पाऊलही टाकू नका. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार त्यांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.

संमतीपत्र मराठीत आणि घरात जी भाषा चालते त्या भाषेत वाचून दाखवायचं, अंगठा किंवा सही घेण्यापूर्वी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती ठेवली आहे, म्हणून अर्जात जात, आजार, घरचं उत्पन्न असे रकाने गरज नसताना ठेवू नका. मुलाचीही वेगळी सही घ्या. पालकांनी पाठवलं म्हणून आलेलं मूल तीन भेटींत कंटाळतं.

निंबोणी

प्रशिक्षणात नेमकं काय घ्यावं? अर्धा दिवस पुरेल?

रानजाई

तीनतीन तासांच्या दोन बैठका घ्या, मध्ये आठवडाभर अंतर ठेवून. अमेरिकेत या क्षेत्रासाठी जे निकष लिहिले आहेत त्यांत किमान दोन तास सांगितले आहेत, पण ते अगदी तळाचं माप आहे.

पहिल्या बैठकीत मेंटॉरने काय करायचं नाही ते. शिकवणी नाही, उपदेश नाही, पैसे नाहीत, घरच्या भांडणात पंच नाही. दुसरीत प्रसंग करून बघायचे. एकाने मूल व्हायचं, एकाने दादा. मूल वीस मिनिटं ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ एवढंच बोलतंय. मूल म्हणतंय, ‘ताई, आईने विचारलंय, दोन हजार मिळतील का?’ मूल बाही खाली ओढतंय आणि दंडावर वळ आहेत.

तिसऱ्या प्रसंगावर तासभर द्या. मूल म्हणतं, ‘तुला एक सांगू? पण कुणाला सांगणार नाहीस ना?’ यावर हमखास उत्तर येतं, ‘शप्पथ, नाही सांगणार.’ हे उत्तर चुकीचं. उत्तर तोंडपाठ करून घ्या: ‘तू सांगतोस ते मी जपून ठेवीन. पण तुला कुणी त्रास देत असेल तर तो थांबवायला मला एका माणसाची मदत घ्यावी लागेल, आणि कुणाची ते मी तुला आधी सांगेन.’ मग ऐकायचं. खोदून विचारायचं नाही, ‘खरंच का?’ म्हणायचं नाही, त्या माणसाला जाऊन जाब विचारायचा नाही. त्याच दिवशी समन्वयकाला कळवायचं, मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहून.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायदा २०१२ चं कलम १९ लागतं. विशेष बाल पोलीस पथकाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवणं बंधनकारक आहे, संस्थेने आधी आपली अंतर्गत चौकशी करत बसायचं नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, संस्थाप्रमुखाने दडवलं तर वर्षापर्यंत. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर प्रत्येक मेंटॉरच्या आणि मुलाच्या वहीच्या मलपृष्ठावर. शाळेतल्या सखी सावित्री समितीत (मुलांच्या सुरक्षिततेसाठी असते ती) कोण कोण आहे तेही विचारून ठेवा, नावं-नंबरांसकट.

वेलांटी

दोन हजारांच्या प्रसंगाचं उत्तर काय? सगळे तिथेच अडखळतात.

रानजाई

‘माझ्या हातात ते नाही, संस्थेचा नियम आहे. पण अडचण काय आहे ते आपण समन्वयक ताईंना सांगू.’ मग समन्वयक घरी जाते. फीसाठी असेल तर शाळेशी बोलते, दवाखान्यासाठी असेल तर सरकारी योजना बघते. मेंटॉरने एकदा दिले की पुढच्या महिन्यात नातं देण्याघेण्याचं होतं. परत करता आले नाहीत म्हणून मूलच भेटीला यायचं बंद होतं, लाजेने. वह्या, चप्पल, वाढदिवसाची भेट या सगळ्याला वर्षाला मिळून तीनचारशेची मर्यादा लिहून टाका, म्हणजे मुलं आपापसात तुलना करत नाहीत.

चौकट

पाटीपेन्सिल यांनी फोनांचं गणित दिलं. त्या फोनवर काय विचारायचं ते सांगतो, कारण गोची तिथेच होते.

‘कसं चाललंय?’ विचारलं की तिघांकडूनही ‘छान’ येतं आणि जोडी दीड महिना बंद असते. प्रश्न असे हवेत: मागची भेट कुठल्या तारखेला झाली? किती वेळ बसलात? काय केलंत? कोण जास्त बोललं? पुढची कधी आहे? मग तीन उत्तरं एकाशेजारी एक मांडायची. नोंदवहीतली एक ओळ अशी दिसते:

जोडी ७. मेंटॉर: १४ तारीख, एक तास, गणिताचा पेपर सोडवला. मुलगी: ‘ताई आली होती, लवकर गेली.’ आई: ‘गेल्या महिन्यात आल्या होत्या वाटतं.’

मेंटॉर खोटं बोलतेय असं लगेच धरू नका. बहुधा तास चाळीस मिनिटांचा झाला, आणि पेपर सोडवून घेणं हे मुलीच्या लेखी भेटीत मोडतच नाही. पण दोन धोके दिसले: भेटीची शिकवणी होतेय आणि घरच्यांना पत्ता नाही. उपाय त्याच आठवड्यात करायचा: पुढच्या भेटीत पुस्तक बंद, कॅरम काढा, आणि ताईने आईला एक फोन करावा.

सलग दोन भेटी चुकल्या की लाल खूण. तिसऱ्या भेटीला समन्वयक स्वतः हजर. पहिल्या महिन्यात फोन दोनदा, कारण पुढे मोडणाऱ्या जोडीची लक्षणं पहिल्या चार आठवड्यांतच दिसतात. दहा मिनिटं उशीर, शेवटच्या क्षणी मेसेज, ‘या शनिवारी नको’. कागदी वही असली तरी चालेल, एक्सेल असेल तर चांगलंच, पण जोडीगणिक एक पान आणि प्रत्येक नोंदीला तारीख हवीच.

जोडी जुळवण्याचं दोन ओळींत सांगतो. घरची भाषा, येण्याजाण्याला अर्ध्या तासाच्या आत, मोकळा वेळ जुळणं आणि एखादी समान आवड, या क्रमाने. मुलीला ताई, मुलग्याला शक्यतो दादा. पहिली भेट मुलाच्या घरी, समन्वयकासह, पालकांसमोर, अर्धा तास. दुसरीला काहीतरी हाताने करायचं काम द्या: सोंगट्या, पतंग, सायकलचं पंक्चर. समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा शेजारी बसून काहीतरी करताना या वयाची मुलं जास्त बोलतात.

हिशेबवही

वीस जोड्या, बारा महिने, सुट्ट्या वजा जाता साधारण ३६ भेटी धरून खर्चाचा अंदाज:

अर्धवेळ समन्वयक १५,००० प्रमाणे वर्षाचे १,८०,०००. मेंटॉरचं येणंजाणं भेटीला ५० रुपये, म्हणजे ३६,०००. दोघांचा चहा-वडापाव भेटीला ४० रुपये, २८,८००. वर्षात चार एकत्र कार्यक्रम, प्रत्येकी ६,०००, मिळून २४,०००. प्रशिक्षण ८,०००. कॅरम, बुद्धिबळ, पुस्तकं, चित्रकलेचं साहित्य १२,०००. फोन, छपाई, फायली १०,०००. समन्वयकाच्या घरभेटी १२,०००. अडीअडचणीला १५,०००. एकूण ३,२५,८००, म्हणजे जोडीमागे १६,२९० रुपये.

निम्म्याहून जास्त पैसा समन्वयकावर जातो आणि देणगीदार नेमका त्याच ओळीवर बोट ठेवतो. तिथे हटायचं नाही. पगार कापला की समन्वयक पाचव्या महिन्यात दुसरी नोकरी धरते आणि तिच्याबरोबर वीसही जोड्यांची ओळख निघून जाते. पगार कापण्यापेक्षा जोड्या बारा करा.

कारखान्यांकडून सीएसआर (कंपनीचा सामाजिक जबाबदारीचा निधी) घेणार असाल तर संस्थेला आयकर खात्याची १२अ आणि ८०जी नोंदणी हवी, शिवाय सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी क्रमांक, तो १ एप्रिल २०२१ पासून लागतो. कर्मचाऱ्यांच्या स्वयंसेवेचे तास रुपयांत मोजून सीएसआर खर्चात दाखवता येत नाहीत, हे कंपनीला आधीच सांगा. आणि करारात लिहून घ्या: पैसा बारा महिन्यांचा, एकरकमी किंवा दोन हप्त्यांत. तिमाहीला मंजुरी असेल तर मुलांना दिलेला वर्षाचा शब्द तुमच्या हातात राहत नाही.

ओसरी

मोजमापाबद्दल, कारण कंपनी ते विचारणारच. गुण वाढले हे यश म्हणून लिहून देऊ नका. २०११ मध्ये ७३ मूल्यमापनं एकत्र तपासली गेली, त्यात परिणाम खरा पण माफक आढळला. एका तासाच्या भेटीने गणितात वीस गुण वाढवण्याचा शब्द दिलात की मेंटॉर शिकवणी घ्यायला लागतात.

मोजण्यासारखं: वर्षभर टिकलेल्या जोड्या किती, ठरलेल्यांपैकी झालेल्या भेटी किती, मुलाची शाळेतली हजेरी आधीच्या वर्षाच्या तुलनेत, आणि मुलाला सुरुवातीला, सहाव्या महिन्यात व शेवटी विचारलेला एकच प्रश्न: ‘अडचण आली तर घराबाहेरच्या कुठल्या मोठ्या माणसाशी बोलशील?’ नाव येतं का, कुणाचं येतं. मोडलेल्या जोड्याही अहवालात लिहा, कारणासकट. निधी देणाऱ्याला त्यातूनच कळतं की तुम्ही खरंच बघताय.

बोरीबाभळ

मेंटॉर मध्येच गेला तर काय, हे कुणी लिहिलं नाही. बदली, लग्न, आजारपण, होणारच.

एक शेवटची भेट सक्तीची, असं करारातच असावं. शक्यच नसेल तर आठवड्याच्या आत हाताने लिहिलेलं पत्र समन्वयकामार्फत. त्यात दोन गोष्टी हव्यात: मी का चाललोय आणि यात तुझी काही चूक नाही. ‘भेटत राहू’ लिहायचं नाही, भेटणार नसाल तर. मुलं ते वाक्य वर्षभर धरून बसतात. नवा मेंटॉर लगेच दुसऱ्या शनिवारी आणू नका, चारसहा आठवडे जाऊ द्या, मधल्या काळात समन्वयकाने दर आठवड्याला भेटावं. आणि मुलाला विचारा, हवाय का दुसरा. नको म्हणण्याचा त्याला हक्क आहे.

ठरल्याप्रमाणे संपणाऱ्या जोडीतही दोन महिने आधीपासून सांगायला लागा. कॅलेंडरवर उरलेल्या भेटींवर दोघांनी मिळून खुणा करा.

निंबोणी

आराखडा बदलतोय. वीस जोड्या, दोन्हीऐवजी एकच शाळा. जूनमध्ये शाळेची लेखी परवानगी आणि चौकश्या, जून-जुलैत मुलाखती व पडताळणी, ऑगस्टच्या पहिल्या दोन शनिवारी प्रशिक्षण, तिसऱ्या आठवड्यात घरी पहिली भेट. करार पुढच्या ऑगस्टपर्यंत. मुलं तेव्हा दहावीत असतील.

पाटीपेन्सिल

दोन दुरुस्त्या. चौकश्या जूनला नाही, एप्रिलला सुरू करा. पडताळणीचे कागद कधी येतील ते तुमच्या हातात नसतं, आणि शाळेची परवानगी मे महिन्यात मागायला गेलात तर सही करणारे सुट्टीवर असतात.

दुसरं, दहावीच्या ऑगस्टमध्ये संपवणं अडचणीचं आहे. त्याच सुमारास क्लास, सराव परीक्षा सुरू होतात, मूल सर्वात जास्त ताणात असतं. आणि मेंटॉरचा खरा उपयोग दहावीनंतर होतो: निकाल, अकरावीचा ऑनलाइन अर्ज, की आयटीआय, की डिप्लोमा, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर. दाखल्यांची धावपळ निकालानंतर सुरू केली तर पहिली फेरी हातची जाते, ती दहावीच्या दिवाळीतच उरकायची असते. करार बाराच महिन्यांचा ठेवा, पण दहाव्या महिन्यात तिघांनाही वेगवेगळं विचारा, निकालापर्यंत पुढे न्यायचं का. तिघांपैकी एकानेही नको म्हटलं तर ऑगस्टमध्ये नीट निरोप. बाकीच्यांचा नवा कागद करा, नवी तारीख घालून.

निंबोणी

एप्रिल लिहून घेतला. परवानगीचा अर्ज शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवतोय, त्याची एक प्रत शिक्षण विभागाला. आचारसंहितेचा मसुदा रविवारपर्यंत इथेच टाकतो. रानजाई ताई, चौकट, तेवढा तपासून द्याल का?

चौकट

टाका. त्याबरोबर नोंदवहीच्या पानाचा नमुनाही टाका, दोन्ही एकत्रच बघू.